रडू न येणारे नैराश्य : सोलापुरातील एका दिवाणजींचे प्रकरण

डॉक्टरांपुढे मांडल्या गेलेल्या तक्रारी तीन होत्या. पहाटे साडेतीनला जाग येते आणि नंतर डोळा लागत नाही. पोट सतत जड राहते. आणि घरात भांडणे फार वाढली आहेत. पहिल्या दोन तक्रारी रुग्णाने स्वतः सांगितल्या. तिसरी त्यांच्या पत्नीने सांगितली, तीही नवरा रक्तदाब मोजून घ्यायला आत गेल्यावर. उदास वाटते, दुःख होते, रडू येते, असे त्या दिवशी दोघांपैकी कोणीही म्हणाले नाही. तरीही तपासणीअंती निदान झाले ते नैराश्याचे, आणि तेही सौम्य नव्हे. घरच्यांनी पाच-सहा महिने या माणसाच्या चेहऱ्यावर दुःख शोधले होते, ते सापडले नाही म्हणून आजारही नाही असे धरले होते, आणि जे सापडले त्याला स्वभाव बिघडला असे नाव दिले होते. नैराश्यात माणसाच्या भावनांचे प्रत्यक्षात काय होते, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच हे प्रकरण उपयोगी आहे.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. नैराश्याच्या रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते प्रातिनिधिक म्हणून रचले आहे. कारखान्यात सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात तेच येथेही वापरले आहे : दिवाणजी.

पार्श्वभूमी

दिवाणजींचे वय ४७. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब ते वीसेक वर्षांपासून सांभाळतात. सुताची खरेदी, मागावरच्या कामगारांचा आठवड्याचा पगार, उचलीची नोंद, जीएसटीची विवरणपत्रे ही सगळी कामे त्यांच्याकडे आहेत. पत्नी घरी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून नव्या पेठेतल्या दुकानदारांना देतात. मुलगा पदविका अभियांत्रिकीला आहे, मुलगी बारावीला. घराचे कर्ज आहे, पण हप्ता कधी थकलेला नाही. दारू नाही; सुपारी आहे.

दिवाणजींचे वडील गिरणी कामगार होते. शहरातल्या जुन्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या त्या काळात त्यांचेही काम गेले आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ते जवळजवळ न बोलता घरात बसून होते. घरात त्या काळाचा उल्लेख आजही ‘गिरणी बंद झाली तेव्हा’ एवढाच होतो. त्याला आजार कोणी म्हटलेले नाही. तो आजार असण्याची शक्यता मात्र बरीच आहे, आणि ही माहिती निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली, कारण आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला नैराश्य झालेले असेल तर त्या व्यक्तीला ते होण्याचा धोका इतरांच्या दुपटी-तिपटीने वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के मानला जातो. म्हणजे उरलेला मोठा भाग आयुष्यात काय घडते यावर अवलंबून असतो.

या प्रकरणात जे घडले ते असे. दिवाळीनंतर मागणी घटल्यामुळे मालकांनी रात्रपाळी बंद केली आणि काही कामगारांना कमी केले. निर्णय मालकांचा होता, परंतु प्रत्येकाला आत बोलावून, त्याचा हिशेब मिटवून पैसे हातात ठेवण्याचे काम दिवाणजींकडे आले. त्यांच्यापैकी एकाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढले होते. या प्रसंगाला आजाराचे कारण म्हणावे की निमित्त, हा प्रश्न नातेवाइकांनी पुढे अनेकदा विचारला. माझ्या मते तो तितकासा उपयोगाचा नाही. ज्यांच्याकडे असे काम येते त्या सर्वांना नैराश्य होत नाही आणि ज्यांना होते त्या सर्वांच्या आयुष्यात असा प्रसंग सापडतोच असेही नाही.

आधी बदलला तो राग

पत्नीच्या सांगण्यानुसार पहिला बदल डिसेंबरात जाणवला. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि पाण्याचा दिवस हा प्रत्येक घरात थोड्याफार धांदलीचा असतो. दिवाणजी आतापर्यंत या धांदलीतले सर्वांत शांत माणूस होते. त्या महिन्यात मात्र मुलीने पिंप भरायला दोन मिनिटे उशीर केला म्हणून त्यांनी हातातली बादली आपटली. पुढे भाकरी कडक झाली नाही, मोबाइलचा आवाज मोठा आहे, पंखा कोणी बंद केला, अशा कारणांवरून रोज काही ना काही होऊ लागले. राग आला की तो पाच-दहा मिनिटे टिके. मग ते आतल्या खोलीत जाऊन तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसत. मुलगी वडील घरी येण्याची वेळ झाली की पुस्तके घेऊन शेजारी जाऊ लागली.

घरच्यांनी याचा अर्थ कामाचा ताण असा लावला, नंतर वयाचा परिणाम असा लावला, आणि शेवटी माणूसच असा आहे असा लावला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण निदानाच्या अधिकृत निकषांतही चिडचिडीला दुय्यम जागा आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या नियमावलीत मुले व किशोर यांच्याबाबत उदास मनःस्थितीऐवजी चिडचिडी मनःस्थिती असली तरी ती ग्राह्य धरतात. प्रौढांच्या यादीत ती सवलत नाही. प्रत्यक्षात नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० ते ५० टक्क्यांमध्ये लक्षणीय चिडचिड असल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळले आहे.

ही चिडचिड कोठून येते, हे दिवाणजींनी स्वतः पुढे फार नेमकेपणाने सांगितले. त्यांना प्रत्येक साधी गोष्ट करण्यासाठी आतून जोर लावावा लागत होता : अंघोळीला उठणे, बूट घालणे, समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देणे. आधीच सगळी शक्ती उभे राहण्यात खर्च होत असताना कोणी आणखी एक लहान गोष्ट मागितली की ती मागणी राहत नाही, हल्ला वाटतो. अपुरी झोप त्यात भर घालते. मेंदूच्या पातळीवर पाहिले तर धोका हेरणारा अमिग्डाला हा भाग अधिक जागा असतो आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागांची पकड सैल झालेली असते, असे अनेक चित्रण-अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे रुग्णाचा राग खोटा नसतो आणि तो समोरच्या माणसाबद्दलही फारसे काही सांगत नसतो. अर्थात बादली आपटली गेली तेव्हा समोर मुलगी होती, आणि तिला बसलेला धक्का आजाराच्या स्पष्टीकरणाने नाहीसा होत नाही. उपचारांत या गोष्टीकडेही पाहावे लागले.

काहीच न वाटणे

जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची यात्रा आली. गड्ड्याच्या यात्रेला दिवाणजी लहानपणापासून पांढरी बाराबंदी घालून जातात आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ जागा मिळावी म्हणून लवकर निघतात. त्या वर्षीही ते गेले. नंदीध्वज आले, अक्षता पडल्या, आजूबाजूच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्यांच्या मनात विचार आला तो परत जाताना रिक्षा कोठे मिळेल एवढाच. आपण नास्तिक झालो की काय, अशी भीती त्यांना तेव्हा वाटली. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. डॉक्टरांनाही ती तिसऱ्या भेटीत सांगितली.

मला विचाराल तर या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे. आनंद घेण्याची क्षमता ओसरणे हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे, आणि डीएसएम-५ नुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे असावी लागतात व त्यांत उदास मनःस्थिती किंवा ही ओसरलेली रुची यांपैकी एक असावेच लागते. म्हणजे माणूस मुळीच दुःखी दिसत नसला तरी निदान होऊ शकते. दिवाणजींच्या बाबतीत जिभेवरची चव गेली होती, जुनी गाणी ऐकण्याची इच्छा गेली होती, पत्नीविषयीची ओढ गेली होती, आणि हे सगळे इतक्या हळूहळू झाले की नेमके कधी गेले हे त्यांना सांगता येईना. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर बरे वाटणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. नैराश्यात पहिली बहुधा अधिक बिघडते; त्यामुळे कोणी ओढून नेले तर माणूस थोडा रमतोही, पण आपण होऊन निघत नाही. त्याला घरात आळस म्हणतात.

फेब्रुवारीत त्यांचे चुलते वारले. अंत्यविधीच्या वेळी दिवाणजी कोरड्या डोळ्यांनी उभे होते, आणि ज्या काकांच्या खांद्यावर बसून ते वाढले त्यांच्यासाठी एक थेंबही आला नाही, हे भावकीच्या नजरेतून सुटले नाही. पत्नीने नंतर भावाला सांगितले, “माणूस दगड झालाय.” येथे शोक आणि नैराश्य यांतला फरक दिसतो. शोकात माणूस हुंदके देतो, आठवणी काढतो, त्या आठवणींत मध्येच हसतोही. भावना लाटांनी येतात आणि त्या गेलेल्या व्यक्तीशी जोडलेल्या असतात. नैराश्यात अनेकदा लाटच येत नाही. तीव्र नैराश्याचे काही रुग्ण तर रडू आले असते तर बरे वाटले असते असे सांगतात.

सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस

घरात सर्वाधिक गैरसमज झाला तो दिवसभरातील चढउतारांमुळे. पहाटे साडेतीनला जाग आल्यापासून दहा-साडेदहापर्यंतचा काळ दिवाणजींना सर्वांत वाईट जाई. छातीत धडधड, पोटात गोळा, कारखान्यातून फोन येईल ही भीती, आणि आजचा दिवस पार पडणार नाही अशी जवळजवळ खात्री. दुपारनंतर हे सैल होई. रात्री आठच्या सुमारास ते चार वाक्ये बोलत, क्रिकेटचा धावफलक विचारत. सकाळी अंथरुणातून उठवत नाही आणि संध्याकाळी धावफलक विचारतो, तेव्हा हे सोंग आहे, असे थोरल्या मुलाचे मत झाले होते आणि ते त्याने एकदा तोंडावर बोलूनही दाखवले.

सकाळी अधिक वाईट आणि संध्याकाळी किंचित बरे, ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी जाग, भूक कमी, वजनात घट, आणि सुखाची बातमीही मनाला न भिडणे, हे सारे मिळून नैराश्याचा एक ओळखीचा प्रकार होतो. शरीराचे दैनंदिन घड्याळ आणि कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचे नियंत्रण यांत बिघाड झाल्याचे अशा बऱ्याच रुग्णांत आढळते. सोंग करणाऱ्याला पहाटे साडेतीनला कोणी पाहत नसते, हे डॉक्टरांनी मुलाला सांगितले तेव्हा तो गप्प झाला. हा युक्तिवाद मला वैद्यकीय स्पष्टीकरणापेक्षाही सरस वाटतो.

अठराशे चाळीस रुपये

मार्चअखेरीस, जुने पगारपत्रक तपासताना, दिवाणजींना दोन वर्षांपूर्वीची एक चूक सापडली. एका कामगाराच्या खात्यात १,८४० रुपये कमी लागले होते. त्यांनी ते लगेच स्वतःच्या खिशातून भरले, मालकांना सांगितले, मालकांनी विषय हसून सोडून दिला. येथे गोष्ट संपायला हवी होती. उलट ती तेथून सुरू झाली. त्या रात्रीपासून आपण गरिबांच्या ताटातले काढून घेतले, रात्रपाळीच्या माणसांचीही आपणच वाट लावली, आणि मुलीला प्रवेश मिळणार नाही ते याच पापामुळे, अशी साखळी त्यांच्या मनात फिरू लागली. इतक्या वर्षांचे चोख हिशेब या एका रकमेपुढे शून्य झाले.

ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात नैराश्यातील विचारांची जी त्रिसूत्री मांडली, ती येथे जशीच्या तशी दिसते : मी वाईट, जग निर्दय, पुढे काही नाही. अपराधी वाटणे ही निरोगी मनातली उपयुक्त भावना आहे. तिच्यामुळेच माणूस पैसे परत करतो. नैराश्यात तिचे प्रमाण चुकते आणि परतफेड होऊनही ती संपत नाही. स्मरणशक्तीही तिला साथ देते. खिन्न मनःस्थितीत खिन्न आठवणी सहज वर येतात आणि बाकीच्या मागे राहतात, त्यामुळे मुलगा झाला तो दिवस आठवा असे सांगितल्यावर दिवाणजींना आठवले ते रुग्णालयाचे बिल. हे त्यांनी मुद्दाम केलेले नव्हते.

एका टप्प्यावर डॉक्टरांना तपासावे लागले की हा विचार आहे की भ्रम. तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांत अपराधाची भावना भ्रमाच्या पातळीला जाते, कितीही पुरावा दिला तरी खात्री हलत नाही, आणि तेव्हा उपचारांची दिशा बदलते. दिवाणजींची खात्री हलत होती. “तुमच्या जागी दुसरा दिवाणजी असता तर त्याला तुम्ही काय म्हटले असते?” या प्रश्नावर बराच वेळ थांबून ते म्हणाले, “पैसे दिलेस ना, मग विषय संपव, असं म्हटलं असतं.” स्वतःला तेच म्हणता येत नव्हते, पण दुसऱ्याला म्हणता येत होते, एवढी फट पुरेशी होती.

डॉक्टरांपर्यंतचा रस्ता

पित्ताच्या गोळ्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, ईसीजी झाला, सगळे ठीक निघाले. मेहुण्याने सांगितले, “दाजी, गाणगापूरला दोन दिवस राहून या, मन हलकं होईल.” दिवाणजी जाऊन आले. पूर्वी तेथे त्यांना खरोखर शांत वाटत असे. या वेळी काहीच वाटले नाही, आणि देवाच्या दारातही आपण कोरडेच, या जाणिवेने अपराधात आणखी भर पडली. श्रद्धास्थानी जाण्यात चूक काहीच नव्हती. आजाराने जी क्षमता बंद केली होती तिच्याच भरवशावर बरे होण्याची अपेक्षा मात्र ठेवली गेली.

शेवटी हालचाल झाली ती वेगळ्याच गोष्टीने. एका रविवारी दिवाणजींनी पत्नीला कपाट उघडून विम्याचे कागद, घराची कागदपत्रे आणि बँकेची पुस्तके कोठे ठेवली आहेत ते समजावून सांगितले. त्या दिवशी त्या घाबरल्या आणि दुसऱ्याच दिवशी मेहुण्याला सोबत घेऊन नवऱ्याला एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे, हे त्यांना ठाऊक होते; परंतु तेथील रांगेत कोणी ओळखीचे भेटेल, अशी दिवाणजींना धास्ती होती. मालकांना कळेल का, हा त्यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि त्याच्या संमतीशिवाय ही माहिती मालकाला देता येत नाही, हे सांगितल्यावरच ते नीट बोलू लागले. निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत नसल्याचे आढळले होते. त्या आकड्यात अशी धास्ती किती असेल याची कल्पना करता येते.

डॉक्टरांनी आत्महत्येविषयी स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. आपण नसतो तर घरच्यांचे ओझे कमी झाले असते असे मनात येते, पण तसे करण्याचा बेत नाही, असे दिवाणजींनी सांगितले. तरीही त्यांना एकटे न ठेवण्याची व्यवस्था ठरली, पहाटेच्या वेळी कोणाला उठवायचे हे ठरले, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक पत्नीच्या व मुलाच्या फोनमध्ये भरला गेला. त्यावर मराठीतही बोलता येते.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या झाल्या, कारण यांतील बिघाडही नैराश्यासारखा दिसू शकतो. ब-१२ थोडे कमी निघाले, ते भरून काढले. पण एवढ्याने चित्राचा उलगडा होत नव्हता. पूर्वी कधी अवाजवी उत्साहाचा, कमी झोपेवर भरपूर काम करण्याचा काळ आला होता का, हेही विचारले गेले, कारण द्विध्रुवीय विकारात औषधयोजना वेगळी असते. तसे काही नव्हते. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या, २७ गुणांच्या प्रश्नावलीत दिवाणजींना १९ गुण मिळाले. रुची नसणे, झोप, थकवा आणि अपराधी वाटणे यांना प्रत्येकी पूर्ण ३, आणि उदास वाटण्याला फक्त १.

भावना परत आल्या तो क्रम

एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने १० मिलिग्रॅम करण्यात आले. पहिल्या दहा दिवसांत मळमळ झाली आणि अस्वस्थता काहीशी वाढली. हे असे होते आणि बहुधा ओसरते हे आधी सांगितलेले नसते, तर औषध तेथेच सुटले असते. अनेकांचे तेथेच सुटते. तिसऱ्या आठवड्यात झोप पाचपर्यंत गेली. मग भूक आली. चिडचिड त्यानंतर उतरू लागली, आणि घरच्यांना माणूस सुधारल्यासारखा वाटला तो तेव्हा. दिवाणजींना स्वतःला मात्र अजून काहीच फरक वाटत नव्हता. बाहेरच्यांना दिसणारी सुधारणा आणि आतून जाणवणारी सुधारणा यांत अनेकदा काही आठवड्यांचे अंतर असते. याच काळात अंगात शक्ती येते पण निराशा गेलेली नसते, म्हणून डॉक्टरांनी या टप्प्यात भेटी कमी न करता वाढवल्या.

समुपदेशनात कामाला आला तो त्यांचा धंदाच. रोज करायच्या दोन लहान गोष्टी ठरवायच्या, त्या करण्यापूर्वी दहापैकी किती बरे वाटेल याचा अंदाज एका रकान्यात लिहायचा आणि केल्यावर प्रत्यक्ष किती वाटले ते शेजारच्या रकान्यात. मेहुण्याबरोबर संभाजी तलावाला फेरी : अंदाज ०, प्रत्यक्ष २. मुलाबरोबर हिशेबाचे सॉफ्टवेअर पाहणे : अंदाज १, प्रत्यक्ष ४. फरक लहान होते, पण बहुतेक एकाच बाजूला होते, आणि आयुष्यभर खाती जुळवलेल्या माणसाला आपला अंदाज सातत्याने कमी लागतो आहे हे स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर नाकारता येईना. रात्रपाळी बंद होण्याची जबाबदारी कोणाकोणाची, याचीही अशीच वाटणी कागदावर केली. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःकडे ८० टक्के घेतले होते. सुताचे भाव, घटलेल्या मागण्या, विजेचा खर्च, मालकांचा निर्णय, हे एकेक लिहीत गेल्यावर ५ उरले. त्या ५ वर ते अडून राहिले, आणि समुपदेशकांनीही ते तसेच राहू दिले. मला तो निर्णय योग्य वाटतो.

कुटुंबाची बैठक अवघड झाली. ज्या घरात रुग्णावर टीका अधिक होते तेथे नैराश्य उलटण्याची शक्यता वाढते, हे १९७० च्या दशकापासूनच्या अभ्यासांतून दिसत आले आहे. पण हे वाक्य पत्नीसमोर जसेच्या तसे ठेवले, तर सहा महिने सगळे सोसलेल्या बाईवरच ठपका येतो. त्यामुळे आधी त्यांचे ऐकून घेतले गेले. त्या बराच वेळ बोलल्या. मुलीने एवढेच विचारले की पप्पांना राग येणार आहे हे आधी कळेल का. त्यावरून एक व्यवस्था ठरली : दिवाणजींनी सकाळी उठल्यावर आजचा दिवस जड आहे की बरा, ते एका शब्दात सांगायचे आणि जड दिवशी त्यांच्याशी कोणीही दहाच्या आत कामाचे बोलायचे नाही. ही व्यवस्था टिकली.

सातव्या आठवड्यात, कमी केलेल्या कामगारांपैकी एक जण रस्त्यात भेटला. त्याला दुसऱ्या कारखान्यात काम लागले होते आणि त्याने दिवाणजींच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. घरी येऊन दिवाणजी रडले, आणि त्या आठवड्यात काकांसाठीही रडले. घरच्यांनी घाबरून डॉक्टरांना फोन केला की आजार वाढला. डॉक्टरांचे मत उलट होते. प्रत्येक रुग्णात असे होत नाही आणि वाढत्या रडण्याकडे सरसकट सुधारणा म्हणून पाहणे धोक्याचे आहे. परंतु झोप, भूक आणि कामातले लक्ष सुधारत असताना, योग्य कारणासाठी योग्य प्रमाणात आलेले हे रडू बंद झालेली क्षमता परत येत असल्याचे लक्षण होते. पीएचक्यू-९ चे गुण तेव्हा ११ वर आले होते.

चौथ्या महिन्यात गुण ५ झाले आणि नवीनच तक्रार आली : राग येत नाही, पण हसूही अर्धेच येते. एस्सिटालोप्रामच्या गटातली औषधे घेणाऱ्या बऱ्याच जणांना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. हा आजाराचा उरलेला अंश आहे की औषधाचा परिणाम, हे ओळखणे सोपे नसते. आजारातला कोरडेपणा सहसा थकवा आणि अपराध यांना सोबत घेऊन येतो. औषधाचा बोथटपणा मनःस्थिती सावरल्यावर एकटाच जाणवतो आणि मात्रेबरोबर बदलतो. दिवाणजींच्या बाबतीत तो दुसऱ्या प्रकारचा वाटला. औषध आपल्या मनाने सोडू नये असे त्यांना बजावून डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली आणि महिनाभर पाहायचे ठरवले. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे आहे, कारण नैराश्याचा एक झटका येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढे दुसरा येतो.

पहाटेचा जडपणा अजून पूर्ण गेलेला नाही. कारखान्यात रात्रपाळी बंदच आहे. परत काही बिघडू लागले तर काय आधी दिसेल, याची यादी घरच्यांनी मिळून केली आणि तीत उदासी लिहिली गेली नाही. लिहिले गेले ते चारच्या आत जाग येणे, जेवणात मीठ कमी-जास्त आहे याची दखलही न घेणे आणि पाण्याच्या दिवशी होणारी चिडचिड. भेटी दर महिन्याला चालू आहेत आणि एक जादा भेट दिवाळीच्या तीन आठवडे आधी ठेवली आहे, कारण बोनसचे हिशेब त्याच सुमारास सुरू होतात.